चौथा शनिवार

बँकेला सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी.
पावसाळाभर ती दळणात, लग्नांत, दवाखान्यात जाते.
आश्विन लागला की मात्र आम्ही निघतो:
व्यंकट, मी, थर्मास आणि एक गोधडी,
जिच्यावरून दर खेपेला भांडण होतं.
उकाडा आहे, कशाला, म्हणतो तो.
पहाटे लागते, म्हणते मी.

लातूर सुटतं. मुरूड मागं पडतं.
अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं,
गाड्या कडेनं अदबीनं जातात.
काचेवर मळणीयंत्राचा भुसा,
बांधावर तरवड पिवळाधमक,
तूर अजून फुलायची आहे.
मग एका वळणावर, काही ध्यानीमनी नसताना,
पाणी.

विश्रामगृह पाटबंधारे खात्याचं.
पंख्याला तीनच वेग: बंद, बंद आणि वादळ.
खाजामियाँ कुलूप काढतात, चहाला आलं ठेचतात.
"काय करणार आज?"
"काही नाही."
"मग लवकर उठावं लागंल," म्हणतात.

आठवडाभर माझी बोटं नोटा मोजतात.
इथं आल्यावरही पहिला दिवस ती थांबत नाहीत.
टिबुकल्या अकरा. बगळे चार.
थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडणारा पोरगा एक.
एक टिबुकली बुडते. दहा.
कुठं वर येईल यावर आम्ही पैज लावतो,
आणि ती निघते भलतीकडंच,
डोक्यावर थेंबसुद्धा नाही.
हिशेब जुळत नाही.
त्यासाठी कुणी रात्री आठपर्यंत थांबवून घेत नाही.

व्यंकट घरी बोलत नाही, इथंही बोलत नाही.
पण घरचं न बोलणं टीव्हीच्या आवाजाखाली दबलेलं असतं.
इथलं गळाच्या दोरीसारखं,
सैल, तरी हातात.

ज्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेनं पाणी आलं
तेव्हा एकदा आलो होतो आम्ही इथं,
आजाऱ्याला बघायला जातात तसे.
तळाला भेगा, एका भेगेत चप्पल,
बुडालेल्या गावाच्या वेशीचा दगड उघडा,
त्यावर एक शेळी, खायला काही नसताना रवंथ करत.
आता त्या जागी दोन-तीन पुरुष पाणी.
व्यंकट काठावर बसून त्यात पाय सोडतो
आणि चटका बसल्यासारखा काढून घेतो.
"पिण्याचंय," म्हणतो.

रविवारी अंधारातच दार वाजतं.
खाजामियाँना ताप.
"मोजपट्टी तेवढी बघता का, ताई?
सहाच्या ठोक्याला वहीत लिहायचं असतंय."
गोधडी पांघरून मी पायऱ्या उतरते
(व्यंकटनं बघितलं, काही बोलला नाही).
पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे.
पाणी एका आकड्याला चाटतंय,
थांब म्हटलं तर थांबत नाही.
मागच्या खेपेच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली.
मी तपासते. सवयीनं पुन्हा तपासते.
चोरी नाही, चूक नाही.
उन्हानं थोडं घेतलं, कालव्यानं थोडं,
थोडं आमच्याच नळांनी.
वहीत लिहिते. सहीला जागा नसते.
चक्रवाक आले होते, दोन, यंदाचे पहिले.
त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

सकाळी व्यंकट सुशीला करतो, मिरच्या जास्त.
खाजामियाँ तापातही दोनदा मागून घेतात,
आम्ही निघताना म्हणतात,
"बसा की अजून. पाणी कुठं पळून चाललंय?"

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला.
आधी नुसती हवा. नळ म्हाताऱ्यासारखा खोकतो.
व्यंकट घागरी सरकवतो, मी बादलीपाशी उभी,
तळ झाकला जाताना बघत.
"काय बघलालीस?"
"आली," म्हणते मी,
"ती दोन बोटं."